नवसंशोधकांसाठी लहान अनुदाने : शोध कोठे व कसा घ्यावा

(वरंध, तालुका महाड, येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वरंधला जाऊन संशोधनाच्या अनुदानांवर बोलणार आहे, असे सांगताच माझ्या एका सहकाऱ्याने विचारले, "तेथे ह्या विषयाचा श्रोता कोण?" रस्ता, पाणी, घरकुल, पीकविमा ह्यांवर बोलणारा प्रसिद्धी अधिकारी गावाला हवा असतो, संशोधन हा विद्यापीठाच्या आवारातला विषय, असा आपला एक जुना समज आहे. तो समज घेऊनच मीही कित्येक वर्षे नोकरी केली. आज मात्र ह्या घाटाच्या पायथ्याशी उभे राहून तो धरून ठेवणे मला अवघड वाटते.

२२ जुलै २०२१ रोजी ह्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. त्याच्या सोळा वर्षे आधी, जुलै २००५ मध्ये, दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन ह्या गावांनी तेच भोगले होते. ह्या घटनांनंतर तज्ज्ञ आले, पाहणी झाली, अहवाल झाले. ते आवश्यकच होते. पण माथ्यावरच्या वाडीचा पाऊस वेगळा आणि खाली बिरवाडीचा वेगळा, हे येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो किती वेगळा, ह्याचा वाडीवार आकडा मात्र सहसा लिहिलेला सापडत नाही. महसूल मंडळामागे एक यंत्र असते आणि त्या एकाच मंडळात डोंगराची सोंड असते, खोरे असते, नदीकाठही असतो.

आता समजा, ह्याच परिसरातील एखादी मुलगी भूगोल घेऊन एम.ए. झाली आणि पीएच.डी.साठी तिने हाच प्रश्न घेतला. तिला काय लागेल? चार-सहा वाड्यांवर साधे पर्जन्यमापक, हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे सकाळी साडेआठला आकडा टिपणारी शाळेतील मुले, वह्या, दोन पावसाळ्यांचे जाणे-येणे, आणि डोंगराला भेग पडली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बसून बोलण्याइतकी सवड. ह्या कामाला कोटींचा प्रकल्प लागत नाही. पण जे काही थोडके लागते, तेही तिच्या घरातून येणे शक्य नसते. मग पहिल्या पावसाळ्यातच काम थांबते. थांबलेल्या कामाचा अहवाल कोणी लिहीत नाही, म्हणून ते थांबले हेही कोणाला कळत नाही.

ही थोडकी रक्कम कोठून मिळते, हा आजचा विषय. ती मिळविण्यात तुमची-माझी सही किती आडवी येते आणि किती उपयोगी पडते, हा त्याचाच दुसरा भाग होय, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

विद्येला धन देण्याची चाल महाराष्ट्राला नवी नाही. दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालविलेली श्रावणातली दक्षिणा आपण इतिहासात वाचली आहे. ती फक्त ब्राह्मणांना मिळे, हेही आपण जाणतो. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने तो खर्च पुढे चालविला, पण हळूहळू त्याचे रूप पालटले. १८४९ मध्ये लोकहितवादी आदी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, ह्या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यावा. पुण्यातील शास्त्रीमंडळींत मोठा क्षोभ उसळला. तरीही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. पुढे ह्याच निधीतून तरुण पदवीधरांना दक्षिणा फेलो म्हणून नेमण्याची प्रथा पडली. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. आणि १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झालेल्या इरावती कर्वे दक्षिणा फेलोशिप घेऊनच मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकावयास गेल्या. एके काळी स्त्रीला ज्या दक्षिणेच्या मांडवात पाऊल टाकता आले नसते, तिच्यातूनच एक थोर मानवशास्त्रज्ञ स्त्री घडली. अर्ज करणाऱ्यांनी आणि भांडणाऱ्यांनी निधीचे नियम बदलविले, म्हणून हे घडले.

ह्याच कमिटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५५ मध्ये महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपले 'तृतीय रत्न' हे नाटक तिच्याकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. ते नाटक छापले जाण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र घेऊन कोणी तरुण तुमच्याकडे आला, तर त्याला ही हकीकत जरूर सांगा. समितीचा नकार त्या वर्षीच्या समितीपुरता असतो.

आणि महाड तालुक्यात बोलताना एक उदाहरण टाळून पुढे जाणे शक्यच नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कोलंबियात शिकून आलेले, लंडनचे डी.एस्‌सी. आणि बॅरिस्टर होते. ते शिक्षण कोणत्या पैशावर झाले, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या एका शिक्षकाने त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. ह्या मुलाला कॉलेजचे शिक्षण झेपणार नाही, हे दिसताच त्यांनी त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेऊन उभे केले. महाराजांनी महिना २५ रुपये मंजूर केले. १९१३ मध्ये त्याच संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठविले. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीने आणि मित्राकडून कर्ज काढून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली.

ह्यात दोन गोष्टी मला दिसतात. एवढ्या मोठ्या विद्वानाचेही शिक्षण एका दात्याच्या एका रकमेवर पुरे झाले नाही. तुकडे जोडावे लागले. आणि पहिला तुकडा मिळाला तो जाहिरात वाचून नव्हे. एका शिक्षकाने मुलाला योग्य दारापर्यंत नेले म्हणून. येथे बसलेल्या शिक्षकांना ह्याहून अधिक काही सांगावयास नको.

आता आजच्या दारांकडे वळू. मोठ्या शिष्यवृत्त्यांविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांची माहिती बऱ्याच अंशी पोहोचलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी २०१९ पासूनची नागपूरची महाज्योती ह्या संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती कधी निघतात, जागा किती, पडताळणी कशी, ह्यावर डोळा ठेवावा लागतो. वर्षावर्षाला फरक पडतो.

परंतु ज्याला ह्यांतले काही मिळाले नाही किंवा मिळूनही ज्याच्या क्षेत्रकार्याचा खर्च भागत नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी लहान अनुदाने आहेत. ती विखुरलेली आहेत, त्यांची जाहिरात लहान असते आणि म्हणूनच तेथे गर्दीही तुलनेने कमी असते. पहिले दार घरचेच आहे. महाडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना लघुसंशोधन प्रकल्पांसाठी अनुदान देत आले आहे. रक्कम बेताची असते, पण ती वेळेवर खर्च करून हिशेब दिला की पुढच्या अर्जात सांगण्यासारखे काहीतरी हाती येते. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे. तिच्यात बक्षिसापेक्षा अनोळखी परीक्षकापुढे आपले काम दहा मिनिटांत मांडण्याचा सराव मोलाचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही बेंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची शिष्यवृत्ती देतात. शिक्षकांनाही देतात, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण ह्या सभेत ते अनेकांना ठाऊक नसावे.

इतिहास आणि समाजशास्त्राच्या बाजूला दिल्लीची भारतीय इतिहास संशोधन परिषद आहे. तिच्याकडे शिष्यवृत्तीखेरीज अभ्यासप्रवासाचे छोटे अनुदान असते, म्हणजे दप्तरखान्यात जाऊन कागद पाहण्यापुरता खर्च. रायगड, कावळ्या, मंगळगड, चंद्रगड, उमरठ, शिवथरघळ ही नावे ज्या तालुक्यांत आहेत, तेथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला ह्या अनुदानाची माहिती नसावी, हे बरे नव्हे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरेटसाठीच्या शिष्यवृत्त्यांत अल्पमुदतीचाही प्रकार आहे. मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची. ती प्राच्यविद्येसाठी न्यायमूर्ती तेलंग ह्यांच्या नावाची फेलोशिप देते. महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. ती ज्याने लहानपणी सहलीत पाहिली, त्याच्या मनात प्रश्न उठले असतील तर ते विचारण्याची ही जागा आहे. लोककला आणि लोकगीतांवर काम करणाऱ्यांनी बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्‌स ह्या संस्थेकडे पाहावे. ती भारतीय भाषांतून लिहिलेले प्रस्ताव स्वीकारते. इंग्रजी अर्जाच्या धास्तीने मागे राहणाऱ्याला हा दिलासा लहान नाही.

जंगल, पक्षी, बेडूक, देवराई ह्यांच्या अभ्यासकांना लंडनच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदाने आहेत. सह्याद्रीत काम केलेल्या अनेक तरुणांच्या प्रबंधांत तिचे आभार सापडतात. आयडिया वाइल्ड ही अमेरिकेतील संस्था रोख पैशाऐवजी कॅमेरा, दुर्बीण अशी उपकरणेच देते. परदेशी पैसा घेताना त्याविषयीचे कायदे व आपल्या संस्थेचे नियम आधी पाहून घ्यावेत. नंतर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

आता कोणी म्हणेल, ही नावे आज तुम्ही सांगितलीत. उद्या नवी निघतील, जुनी बंद होतील, तेव्हा काय? खरे आहे. विज्ञानातील अनुदाने देणारे केंद्राचे मंडळ २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ह्या नव्या संस्थेत विलीन झाले आणि योजनांची नावेही बदलली. म्हणून नावांपेक्षा ती शोधण्याची रीत सांगतो. कोणताही प्रबंध उघडला की आपण अनुक्रमणिकेकडे जातो. नवसंशोधकाने आधी ऋणनिर्देशाचे पान वाचावे. आपल्याच विषयावर, आपल्याच भागात, पाच वर्षांपूर्वी काम केलेल्या माणसाने कोणाचे आभार मानले आहेत? कोणत्या संस्थेने प्रवासखर्च दिला? शोधगंगा ह्या भांडारात देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. एका दुपारी वीस प्रबंधांची ती पाने पाहिली तर आपल्या विषयाला पैसे देणाऱ्यांची यादी आपोआप तयार होते आणि ती कोणत्याही छापील यादीहून खरी असते. मग एक वही करावी : संस्था, अर्जाचा महिना, वयाची अट, कोणाची शिफारस लागते. बहुतेक योजना दरवर्षी त्याच सुमारास निघतात. यंदा तारीख चुकली तर पुढच्या वर्षीची तयारी आजच सुरू होते.

अर्जाविषयी थोडेसे. "कोकणातील दरडींचा सर्वांगीण अभ्यास" असा विषय लिहिला की तो वाचणाऱ्याला ना काम दिसते ना माणूस. "वरंध घाटाच्या पायथ्याच्या पाच वाड्यांवरील दोन पावसाळ्यांची दैनिक नोंद" असे लिहिले की दोन्ही दिसतात. रक्कम लहान असेल तर प्रश्नही त्या मापाचा हवा. खर्चाचा तक्ता प्रामाणिक असावा, एस.टी.चे भाडे, मुक्काम, वह्या, उपकरण असे लिहावे, "संकीर्ण" ह्या सदरात निम्मी रक्कम घालू नये. आपण सरकारी माणसे "संकीर्ण" फार सहज लिहितो, पण बाहेरचा परीक्षक प्रथम तेथेच बोट ठेवतो. आणि अनुदान मिळाल्यावर विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्यावे. पहिल्या अनुदानाचा हिशेब अडकलेला संशोधक दुसऱ्या दारी जाऊ शकत नाही.

पुरस्कारांची गोष्ट निराळी. अनुदान पुढच्या कामासाठी असते, पुरस्कार झालेल्या कामाला असतो, आणि अनेक मोठ्या पुरस्कारांसाठी दुसऱ्याने नाव सुचवावे लागते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत, जे प्रथम २०२४ मध्ये दिले गेले, पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी 'विज्ञान युवा' हा वेगळा वर्ग आहे. परंतु नवख्याने एकदम तेथे पाहण्यापेक्षा आपल्या विषयाच्या परिषदांकडे पाहावे. इंडियन हिस्टरी काँग्रेस तरुण अभ्यासकांच्या निबंधांना बक्षिसे देते. समाजशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेचे प्रा. एम. एन. श्रीनिवास ह्यांच्या स्मृत्यर्थ तरुणांसाठी पारितोषिक आहे. तेथे एक चांगला निबंध पुरतो.

येथेच एक सावधगिरीची सूचना. अलीकडे "तरुण शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा" अशी पत्रे महाविद्यालयांत सर्रास येतात. ज्या पुरस्कारासाठी पुरस्कार घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात, त्याचे ढालीसारखे स्मृतिचिन्ह भिंतीवर शोभेल, पण अर्जात ते लिहिले तर जाणत्या परीक्षकाचे मत उलट वाईटच होते. मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी अशा सत्कारांच्या बातम्या आमच्याकडे पाठविताना एवढे जरूर तपासावे; आमचीही त्यात फसगत झालेली आहे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आलो ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठिकाण आणि कार्यालय सांगत नाही. एक तरुण अध्यापिका जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करीत होती. तिला एका लहान अनुदानासाठी अर्ज करावयाचा होता आणि तो वरिष्ठांच्या शिफारशीने जाणे आवश्यक होते. वरिष्ठ रजेवर होते. ज्याच्याकडे कार्यभार होता त्याला सहीचा अधिकार आहे की नाही, ह्याचा निर्णय होईना. अर्ज नऊ दिवस पेपरवेटखाली राहिला. शिफारस झाली त्याच्या आदल्या दिवशी मुदत संपली होती. मी त्या टेबलाच्या पलीकडेच बसत असे, आणि हा अर्ज कशाचा आहे, हे मी एकदाही विचारले नाही. पुढच्या वर्षी तिला तेच अनुदान मिळाले. पण ज्या चार म्हाताऱ्यांकडून ती ओव्या लिहून घेणार होती, त्यांतल्या दोघी तोवर वारल्या होत्या. रक्कम परत आली, त्या दोघींच्या ओव्या आल्या नाहीत.

म्हणून माझी अधिकारी मित्रांना विनंती आहे की, संशोधनाचा अर्ज आवक नोंदवहीत आला की त्याच्यावर अंतिम तारीख लाल शाईने लिहावी आणि प्रमुख रजेवर असताना सही कोणाची, हे आधीच ठरवून ठेवावे. शिक्षकांनी शिफारसपत्र लिहिताना "मुलगी हुशार व होतकरू आहे" एवढ्यावर थांबू नये. तिने कोणते काम पाहिले, कोठे चुकली, काय दुरुस्त केले, हे लिहावे. अनोळखी समितीला त्याच ओळी उपयोगी पडतात.

आणि सरपंच व सदस्य हो, तुमच्या हाती तर बरेच काही आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती वही कपाटात कुलपात असेल तर बाहेर काढा. गावातील शिकलेला मुलगा ती तपासून, वाढवून देत असेल तर त्याला करू द्या, आणि तसे केल्याचे पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी द्या. अर्जासोबत असे पत्र असणे म्हणजे ह्या माणसाला गाव ओळखते आणि काम करू देणार आहे, असा पुरावा होय. पावसाच्या नोंदीचेही तसेच. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवून रोज साडेआठला आकडा लिहिण्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. तीन पावसाळ्यांची वही तयार असेल, तर उद्या ह्या प्रश्नावर काम करू इच्छिणारी ती मुलगी रिकाम्या हाताने अर्ज करणार नाही.

मी सांगितलेल्या संस्थांची नावे आणि त्यांच्या अर्जांचे साधारण महिने एका कागदावर छापून आणले आहेत. प्रती थोड्या आहेत. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येकी एक घ्यावी आणि सूचनाफलकावर लावावी. महिने बदलतात, तेव्हा त्या कागदाखाली पेन्सिलने दुरुस्ती करण्यास जागा सोडली आहे. आता आपले प्रश्न असतील तर घेऊ.